राहदारी आणि रहदारी : मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा इतिहास

1

आजच्या मराठीत 'रहदारी' म्हणजे रस्त्यावरील जा-ये. या शब्दाचे जुने रूप 'राहदारी' असे आहे. फारसीतील 'राह' म्हणजे वाट आणि 'दार' म्हणजे राखणारा. फौजदार, हवालदार या शब्दांत हाच 'दार' आढळतो. तेव्हा 'राहदारी' म्हणजे मूळचे वाट राखण्याचे काम. त्यावरून वाटेवर घेतल्या जाणाऱ्या जकातीस आणि वाटेने जाऊ देण्याच्या परवान्यासही हेच नाव पडले. मोगल अमलात हा शब्द या अर्थाने रूढ होता, आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांतही 'दस्तक' या शब्दाच्या जोडीला तो येतो. पुढे परवान्याचा अर्थ लोपला व केवळ जा-ये हा अर्थ उरला. भाषाशास्त्राच्या परिभाषेत हे अर्थांतराचे एक साधे उदाहरण होय.

परंतु या अर्थांतरामागे एक ऐतिहासिक गृहीत दडलेले आहे. वाट असली की जाता येते, निराळी परवानगी लागत नाही, असे समाजाला वाटू लागल्याखेरीज परवान्याचा शब्द जा-येचा वाचक होत नाही. हे गृहीत कितपत खरे आहे, याची कसोटी अनेक देशांतून जाणाऱ्या आगगाडीच्या प्रवासात लागते. असा प्रवास योजणाऱ्यास तीन गोष्टी जुळवाव्या लागतात : रूळ, वेळ आणि कागद. मुंबईहून युरोपपर्यंत आगगाडीने जाण्याची कल्पना शंभराहून अधिक वर्षे वारंवार मांडली गेली. या तीन गोष्टी तिच्या वाट्याला एकाच वेळी कधी का आल्या नाहीत, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

2

या विचारास भाईंदरच्या खाडीपासून आरंभ करणे सोयीचे आहे. भाईंदर पूर्वेस, वसईच्या खाडीच्या काठी, जेसल पार्क ही वस्ती आहे. तेथील चौपाटीवरून पश्चिम रेल्वेचा खाडीवरील पूल दिसतो. पुलाच्या मध्ये पाणजू बेट आहे आणि पलीकडे नायगाव व वसई. मुंबईहून गुजरातकडे, दिल्लीकडे व पंजाबकडे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या गाड्या याच पुलावरून जातात.

ही खाडी एके काळी दोन राज्यांची सरहद्द होती, हे आज सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि साष्टी बेटही मराठ्यांकडे आले. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे जिंकून साष्टीवर अंमल बसवला. 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली व वसई मराठ्यांना परत मिळाली. म्हणजे तेव्हापासून 1817 मध्ये उत्तर कोकण इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत, सुमारे पस्तीस वर्षे, खाडीच्या अलीकडे कंपनी सरकार आणि पलीकडे पेशवे सरकार अशी स्थिती होती. भाईंदरहून वसईस जाणे म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते.

त्यानंतर अर्धशतकाच्या आत या सरहद्दीवरून रूळ गेले. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा उत्राण येथून निघालेला मार्ग नोव्हेंबर 1864 मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. 1867 मध्ये विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली तेव्हाच्या स्थानकांत 'पाणजे' हेही एक नाव आढळते. ते स्थानक गेले, पण नाव पाणजू बेटाच्या रूपाने टिकले. जेथे पूर्वी सत्ता बदलत असे तेथे गाडीतील उतारूला केवळ पुलाचा आवाज बदललेला जाणवू लागला. राहदारीची रहदारी झाली ती अशी. मात्र ही सरहद्द पुलामुळे पुसली गेली नव्हती. दोन्ही काठ एका राज्याखाली आले होते म्हणून पूल बांधता आला. हा क्रम पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

3

एकोणिसाव्या शतकात मुंबईहून युरोपला जाण्याचा व्यवहार्य मार्ग समुद्राचाच होता. तथापि सलग लोहमार्गाची कल्पना तेव्हाही नवी नव्हती. सिंध रेल्वेचे अध्यक्ष विल्यम पॅट्रिक अँड्रू यांनी 1856-57 च्या सुमारास युफ्रेटीस नदीच्या खोऱ्यातून भूमध्य समुद्र व इराणचे आखात जोडणारा लोहमार्ग सुचवला होता, आणि 1871-72 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या एका समितीने त्याचा विचारही केला. पण तोवर 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला होता. 1875 मध्ये ब्रिटिश सरकारने कालव्याचे भाग विकत घेतले आणि समुद्रमार्गच साम्राज्याचा राजमार्ग ठरला.

तरीही आगगाडी या प्रवासातून वगळली गेली नाही. इटलीतील ब्रिंदिसी बंदरापर्यंत 1865 मध्ये रूळ पोहोचले होते. आल्प्स पर्वताखालील फ्रेझुसचा बोगदा 1871 मध्ये खुला झाला. त्यामुळे मुंबईची टपाल व घाईचे उतारू ब्रिंदिसीस जहाज सोडून आगगाडीने इंग्लिश खाडीपर्यंत जाऊ लागले. 1886 मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेस गेलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर असोत अथवा 1906 मध्ये मार्सेयमार्गे लंडनला गेलेले विनायक दामोदर सावरकर असोत, मराठी प्रवाशाचा युरोपप्रवास जहाज व आगगाडी यांच्या जोडीनेच घडत असे. बंदर हा त्या प्रवासातील सांधा होता.

अशा जोडप्रवासाची योजना कशी होई, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कादंबरीतले आहे. ज्यूल व्हर्न यांच्या 1873 च्या कादंबरीत ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेचा हिशेब मांडलेला आहे. त्यात लंडन ते सुएझ सात दिवस, सुएझ ते मुंबई तेरा दिवस आणि मुंबई ते कलकत्ता आगगाडीने तीन दिवस धरले आहेत. कथेत मात्र वाटेत रूळ संपतात आणि नायकास अलाहाबादपर्यंत हत्तीवरून जावे लागते. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता मार्ग मार्च 1870 मध्येच पूर्ण झाला होता. हा तुटलेला तुकडा कथेच्या सोयीसाठी कल्पिलेला. पण छापील वेळापत्रक आणि प्रत्यक्ष वाट या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे त्या प्रसंगाने अचूक दाखवले. थॉमस कुक कंपनीचे युरोपीय गाड्यांचे वेळापत्रक 1873 मध्येच निघू लागले, हिंदुस्थानात न्यूमनचा 'ब्रॅडशॉ' होता. ही दोन पुस्तके शेजारी ठेवली तरी त्यांच्यामधील इराण व तुर्कस्तानचा प्रदेश कोऱ्या पानासारखा राहत असे.

वेळेचा प्रश्नही साधा नव्हता. 1 जानेवारी 1906 पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबई शहराने आपली स्थानिक वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. ही 'मुंबई वेळ' प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे असे. आगगाड्या प्रमाणवेळेने चालत. म्हणजे परदेशच काय, मुंबईचे स्थानक गाठतानाच प्रवाशाला दोन घड्याळांचा हिशेब करावा लागे.

4

पहिल्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत हे कोरे पान भरण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. ती दोन दिशांनी झाली : हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीकडून आणि इराककडून.

1 सप्टेंबर 1928 रोजी 'फ्राँटियर मेल' ही गाडी मुंबईहून पेशावरपर्यंत सुरू झाली. ती भाईंदर व वसईच्या खाडीवरून बडोदे, रतलाम, मथुरा, दिल्ली, लाहोर, रावळपिंडी अशी जाई. नकाशा पाहणाऱ्याला तिचे तोंड थेट युरोपकडे दिसते. परंतु तिची योजना युरोपला जाणाऱ्यांसाठी नव्हती. बॅलार्ड पिअर येथे विलायतेच्या जहाजातून उतरलेले अधिकारी व टपाल त्वरेने सरहद्दीकडे पोहोचवणे, हा तिचा हेतू होता. युरोपच्या दिशेने धावणारी ही गाडी युरोप पाठीशी टाकून आलेल्यांची होती.

सरहद्दीवरील इतर मार्गांचेही असेच होते. खोजक बोगद्यातून चमनकडे जाणारा मार्ग 1891-92 मध्ये झाला, पण तेथून जवळच असलेल्या कंदाहारला तो कधीच गेला नाही. खैबर खिंडीतून लंडी कोतलपर्यंत 4 नोव्हेंबर 1925 रोजी गाडी सुरू झाली, पुढच्या वर्षी लंडी खानापर्यंत रूळ गेले आणि 1932 मध्ये तो शेवटचा तुकडा बंद करण्यात आला. हे मार्ग सरहद्दीपाशी थांबले याचे कारण डोंगर नव्हते. डोंगर तर बोगदे खणून पार केलेच होते. ते सैन्य सरहद्दीपर्यंत नेण्यासाठी बांधले होते. सरहद्दीपलीकडे रूळ टाकावे, हे अफगाण राज्यकर्त्यांना नको होते, आणि परकीय सैन्य त्याच रुळांवरून उलट येईल ही भीती इंग्रजांनाही होती.

एकच मार्ग खरोखर सरहद्द ओलांडून गेला. क्वेट्ट्याजवळून नुश्कीपर्यंत 1905 मध्ये रूळ गेले होते. महायुद्धाच्या निकडीतून ते वाळवंट ओलांडून इराणातील दुझ्दाब या गावी नेण्यात आले. या गावाचे नाव भाषाभ्यासकाने पाहण्यासारखे आहे. फारसीत 'दुझ्द' म्हणजे चोर व 'आब' म्हणजे पाणी. पाणी चोरून गडप करणारी जागा ती दुझ्दाब. रझाशाहच्या कारकिर्दीत हे नाव बदलून 'झाहेदान', म्हणजे विरक्त जनांचे गाव, असे ठेवण्यात आले. चोराचे गाव तापसांचे झाले तरी पाणी वाढले नाही, आणि रूळही तेथेच संपत राहिले. पुढील प्रवास मोटारीने करावा लागे. इराणची आखातापासून कॅस्पियन समुद्रापर्यंतची आगगाडी 1938 मध्ये पूर्ण झाली, पण ती झाहेदानपासून फार दूर होती.

दुसरी दिशा इराकची. मुंबईहून बोटीने बसरा, तेथून 1920 मध्ये पूर्ण झालेल्या मार्गाने बगदाद, पुढे किर्कुक, मग मोटारीने नुसैबिन, तेथून 'टॉरस एक्सप्रेस'ने हलब ऊर्फ अलेप्पोमार्गे बॉस्फोरसच्या काठावरील हैदरपाशा, नावेने पलीकडे इस्तंबूल आणि 'सिंप्लॉन ओरिएंट एक्सप्रेस'ने पॅरिस, असा प्रवास 1930 पासून योजता येऊ लागला. जुलै 1940 मध्ये बगदादपर्यंत सलग रूळ झाले. अॅगाथा ख्रिस्ती यांच्या 1934 च्या सुप्रसिद्ध रहस्यकथेत हिंदुस्थानातून रजेवर निघालेला एक लष्करी अधिकारी याच मार्गाने जातो, आणि तू सरळ बोटीने का गेला नाहीस, असे गुप्तहेर त्याला विचारतो. खुष्कीचा मार्ग पत्करणे हेच संशयास कारण व्हावे, इतका तो अपवादात्मक होता.

या बगदाद मार्गाशी मराठी माणसाचा एक संबंध आहे. तो उतारूचा नसून बिगाऱ्याचा आहे. 29 एप्रिल 1916 रोजी कुत-अल-अमारा येथे जी ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांना शरण गेली ती सहावी 'पुणे डिव्हिजन' होती. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कैद झालेल्या हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवत नेऊन पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या बांधकामावर लावण्यात आले. उपासमार व रोगराई यांनी अनेक जण तेथेच दगावले. सातारा, रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांतून भरती झालेल्या शिपायांच्या वाट्याला ही वाट आली ती अशी. ज्यांच्याजवळ प्रवासाचे तिकीट नव्हते आणि परतीचा परवानाही नव्हता, त्यांच्याही श्रमावर पुढे टॉरस एक्सप्रेस धावली.

या सर्व तुकड्यांच्या रुळांमधील अंतरही एक नव्हते. हिंदुस्थानचा रुंदमापी मार्ग 1676 मिलिमीटरचा, बसरा-बगदाद मार्ग 1000 मिलिमीटरचा, तुर्कस्तान व युरोपचा 1435 मिलिमीटरचा. प्रत्येक फरकापाशी उतारूने गाडी बदलावी आणि हमालाने सामान. ही अडचण खर्चाची व श्रमाची होती. प्रवास थांबवणारी नव्हती.

5

प्रवास थांबवणारी अडचण याच काळात निराळ्या बाजूने वाढत होती. महायुद्धापूर्वी युरोपातील बहुतेक देशांत पारपत्राशिवाय फिरता येत असे. युद्धकाळात बसवलेली तपासणी युद्धानंतर उठली नाही. ऑक्टोबर 1920 मध्ये राष्ट्रसंघाच्या वतीने पॅरिसला एक परिषद भरली. तिचे विषय तीन होते : पारपत्रे, जकातीचे सोपस्कार आणि थेट तिकिटे. अनेक देशांतून एकाच तिकिटावर जाता यावे आणि पारपत्राची पुस्तिका सर्वत्र एका नमुन्याची असावी, अशी तिची धडपड होती. हिंदुस्थानात पारपत्राचा कायदा झाला तोही 1920 मध्येच. थेट तिकीट आणि पारपत्र यांचा विचार एकाच टेबलावर व्हावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. एकाने वाट जोडावयाची व दुसऱ्याने ती अडवावयाची, अशी ही जोडी आहे. आणि 'राहदारी' या एकाच जुन्या शब्दात त्या दोहोंचाही समावेश होत असे.

कागदाचे हे बळ किती, हे सुभाषचंद्र बोस यांच्या प्रवासात दिसते. जानेवारी 1941 मध्ये कलकत्त्यातील नजरकैदेतून निसटून ते गोमोहला गाडीत बसले. दिल्लीहून फ्राँटियर मेलने ते 19 जानेवारीस पेशावरला पोहोचले. कलकत्ता ते पेशावर हे प्रचंड अंतर त्यांनी वेषांतराच्या आधारे दोन-तीन दिवसांत तोडले. त्यानंतर डोंगरवाटेने काबूल गाठल्यावर मात्र त्यांना 18 मार्चपर्यंत तेथे अडकून पडावे लागले. अडचण वाटेची नव्हती. ओर्लांदो माझोत्ता या इटालियन नावाचे पारपत्र हाती आले तेव्हाच ते मोटारीने सोव्हिएत सरहद्द ओलांडून समरकंदला व तेथून आगगाडीने मॉस्कोला जाऊ शकले. आगगाडीला दिवस पुरले. कागदाला आठवडे लागले.

6

1947 च्या फाळणीने जे घडले ते यापूर्वीच्या अनुभवाच्या अगदी उलट होते. वसईच्या खाडीवर सरहद्द गेली आणि मग रूळ आले. पंजाब व सिंधमध्ये रूळ आधीपासून होते आणि त्यांच्यावर सरहद्द येऊन पडली. फ्राँटियर मेलचे शेवटचे स्थानक अमृतसर झाले. सरहद्दीला न जाणाऱ्या या गाडीचे 'फ्राँटियर' हे नाव त्यानंतरही जवळजवळ पन्नास वर्षे चालू राहिले. 1996 मध्ये तिला 'गोल्डन टेंपल मेल' हे नाव मिळाले. अर्थ निघून गेल्यावरही शब्द काही काळ मागे रेंगाळतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

सिंधच्या मार्गाचा तुटवडा मराठी समाजाला अधिक जवळचा होता. 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. 1853 मध्ये सिंधी लिपीचे प्रमाणरूप ठरवणाऱ्या मंडळींत नारायण जगन्नाथ वैद्य हे होते आणि कराचीतील सरकारी शाळा पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. अहमदाबाद, मारवाड व खोखरापार या मार्गाने कराचीस आगगाडीने जाता येत असे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे लोंढे या मार्गाने व समुद्रानेही आले, आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले. 1965 च्या युद्धात खोखरापारचा मार्ग बंद पडला.

यानंतरचा इतिहास विलक्षण आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आशियाविषयक आर्थिक आयोगाने 1960 च्या सुमारास सिंगापूरपासून इस्तंबूलपर्यंत सुमारे 14,000 किलोमीटरच्या आशियाई लोहमार्गाची योजना हाती घेतली, आणि ती पुढे कूर्मगतीने का होईना सरकत राहिली. 1971 मध्ये इराण व तुर्कस्तान यांचे रूळ जोडले गेले. वान सरोवरावर आगगाडीचे डबे नेणारी नौका सुरू झाली. 1994 मध्ये इंग्लिश खाडीखालचा बोगदा खुला झाला. 10 नोव्हेंबर 2006 रोजी बुसान येथे आशियाई लोहमार्गाच्या करारावर सह्या झाल्या व 11 जून 2009 पासून तो अमलात आला. त्याच वर्षी इराणने झाहेदानपर्यंत आपले रूळ आणले. एके काळी जेथे फक्त क्वेट्ट्याकडचे रूळ येऊन थांबत, तेथे 1676 व 1435 मिलिमीटरचे दोन मार्ग प्रथमच समोरासमोर आले. 2013 मध्ये बॉस्फोरसखालून गाडी धावू लागली. दुझ्दाबनंतरचे कोरे पान अखेर भरले.

दरम्यान आरंभीचा तुकडा मात्र उलट दिशेने गेला. 22 जुलै 1976 रोजी अमृतसर व लाहोर यांच्यामध्ये 'समझौता एक्सप्रेस' सुरू झाली. 18 फेब्रुवारी 2006 पासून खोखरापारमार्गे 'थर एक्सप्रेस' धावू लागली. या दोन्ही गाड्या ऑगस्ट 2019 मध्ये थांबल्या. एप्रिल 2025 मध्ये अटारीची तपासणी चौकीही बंद करण्याचा निर्णय झाला.

7

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात मांडता येईल. 1930 च्या सुमारास भाईंदरच्या पुलावरून निघून खुष्कीने युरोपला जाऊ इच्छिणाऱ्यास रूळ अपुरे पडत, पण क्वेट्ट्यापर्यंत त्याला अडवणारी सरहद्द नव्हती. आज नकाशावर त्याच पुलापासून लंडनपर्यंत, एक सरोवर आणि एक रुळांच्या मापातील फरक सोडल्यास, लोखंड सलग आहे. परंतु अमृतसरच्या पुढे काही मैलांवरच प्रवास संपतो. नऊ दशकांत सर्वांत दूरचे दुवे जोडले गेले आणि सर्वांत जवळचा निखळला.

लोहमार्गाच्या इतिहासात रूळ पडल्याची तारीख ही प्रगतीची खूण मानण्याचा प्रघात आहे. आंतरराष्ट्रीय मार्गांच्या बाबतीत ही खूण फसवी आहे, असे म्हणावे लागते. खैबरमध्ये 1932 साली व अटारीला 2019 साली रूळ शाबूत होते, गाडी नव्हती. अशा मार्गाचा इतिहास लिहिताना बांधकामाच्या नोंदींइतकेच महत्त्व तह, पारपत्रांचे नियम व रद्द झालेली वेळापत्रके यांना दिले पाहिजे. वसईच्या खाडीचे उदाहरण या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलके आहे. सरहद्दी पुसल्या जाऊ शकतात, इतक्या की पुलावरून रोज जाणाऱ्या लक्षावधी उतारूंना तेथे कधी सरहद्द होती याची वार्ताही नसते. पण ते काम पुलाने केलेले नाही. मराठी भाषेने राहदारीतील परवान्याचा अर्थ टाकून दिला तो अशाच पुसलेल्या सरहद्दींच्या अनुभवावरून. आशियातील लोहमार्गांवर तो अर्थ अद्याप जिवंत आहे.